खाल्लं नाहीस का गं?

बाळाला काट्यावर ठेवलं तेव्हा खोलीत आम्ही सगळ्या बायकाच होतो. आकडा दोनच्या पुढे जरासा सरकून थांबला. दोन किलो तीनशे. नर्सनं तो फाइलवर लिहिला, बाळाला पुन्हा दुपट्यात गुंडाळलं आणि माझ्या भाचीच्या कुशीत दिलं. दिवस पूर्ण भरलेले आहेत, रडणं चांगलं आहे, काळजीचं काही नाही, असं डॉक्टर आधीच सांगून गेल्या होत्या. तरी भाचीच्या सासूबाई पलंगाच्या कडेला टेकल्या, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "खाल्लं नाहीस का गं काही?" आवाजात राग नव्हता, टोमणा तर मुळीच नव्हता. नातवाचं इवलंसं तोंड बघून पोटात तुटलं, ते बाहेर आलं इतकंच. भाचीनं उत्तर दिलं नाही. बाळाच्या कपाळावर चिकटलेली लव ती बोटानं मागे सारत राहिली. माझी बहीण, म्हणजे तिची आई, कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. तिनं उगाचच पदर सारखा केला आणि खाली बघितलं, जणू प्रश्न तिलाच होता. मग कुणीतरी शिऱ्याचा डबा उघडला, तुपाचा वास खोलीभर पसरला आणि बोलणं बाळ कुणासारखं दिसतं याच्यावर गेलं.

माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न जाईना. रात्री भांडी आवरतानाही तोच. मुलगी आजारी पडली, मूल हडकुळं निघालं, की आपल्याकडे सगळ्यात आधी आईच्या ताटाकडे बघतात, आणि तेही मागच्या नऊ महिन्यांच्याच ताटाकडे. प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईलाही तिच्या पहिल्या बाळंतपणात कुणीतरी हेच विचारलं असणार. तिच्या सासूला तिच्या सासूनं. इतक्या बायकांना हा प्रश्न विचारला गेला आणि इतक्या बायका तो ऐकून गप्प राहिल्या, की त्याचं खरंखुरं उत्तर कधी कुणी शोधलं असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

पण ते शोधलं गेलं आहे. आणि लांब कुठे नाही, पुण्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर, आमच्या माहेरच्या पट्ट्यात.

भीमेच्या काठच्या त्या भागात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं नाव जुनं आहे. डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, तेव्हापासून गावोगाव 'केईएमची गाडी' सगळ्यांच्या ओळखीची. त्याच रुग्णालयाच्या मधुमेह विभागातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ साली सहा गावांत एक अभ्यास सुरू केला, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांच्या साथीनं. पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी हे त्याचं नाव. आमचं गाव त्या सहांत नव्हतं. पण त्या गावांत आमच्या सोयरिकी आहेत, तिथल्या विहिरी आणि एसटीचे थांबे मला माहीत आहेत. म्हणून या अभ्यासाचे निबंध मिळतील तसे वाचत आले. त्यांच्यातल्या तक्त्यांमागे मला ओसऱ्या दिसतात.

या अभ्यासाची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो बाळंतपणापासून सुरू झाला नाही, गरोदरपणापासूनही नाही. तो त्याच्याही आधी सुरू झाला. सहा गावांतल्या लग्न झालेल्या, मूल होण्याच्या वयाच्या जवळजवळ अडीच हजार बायका त्यात आल्या. दिवस जाण्याआधीच त्यांचं वजन, उंची, डोक्याचा घेर, दंडाचा घेर टिपला गेला. मग दर महिन्याला घरी येऊन एकच विचारपूस: पाळी कधी आली? पाळी चुकली की सोनोग्राफी. म्हणजे गर्भ किती आठवड्यांचा हे अंदाजानं नव्हे, नीट कळणार. ऐकायला हे सोपं वाटतं. त्या काळातली आमच्याकडची घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावं. ओसरीवर सासरा बसलेला, चुलीपाशी सासू, अंगणात दीर सायकलीची चेन बसवतोय, आणि दारात एक शिकलेली मुलगी वही घेऊन उभी. तिला या घरच्या सुनेशी पाळीबद्दल बोलायचं आहे. ज्या घरांत त्या दिवसांत बाई बाजूला बसायची आणि तिला कावळा शिवला असं लहान मुलांना सांगितलं जायचं, त्या घरांत. एकदा नव्हे, दर महिन्याला, वर्षानुवर्षं. त्या मुलींनी पहिल्या खेपेला काय बोलून दार उघडून घेतलं असेल, कोणत्या घरी हाकलून दिलं असेल, कोणत्या घरी पाचव्या खेपेला चहा मिळाला असेल, हे कुठल्याच निबंधात छापलेलं नाही. छापलेला असतो तो फक्त आकडा. पण आकडा खरा निघाला, याचा अर्थ त्या दारांतलं बोलणं खरं झालं होतं.

अशी जवळजवळ आठशे गरोदरपणं शेवटपर्यंत पाहिली गेली. जन्मलेल्या बाळाला बहात्तर तासांच्या आत मोजायचं असा नियम होता. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे नाव सासरच्या गावच्या यादीत आणि बाळ जन्माला येणार भलत्याच गावी. तिथे पोचायचं, सोयऱ्याच्या घरात ओळख काढायची, अंधाऱ्या खोलीत शेकशेगडीच्या धुरात बाळाला उघडं करायचं आणि मापं घ्यायची. स्प्रिंगच्या ताणकाट्याला लावलेल्या झोळीत वजन. फितीनं डोकं, छाती, पोट, दंड. आणि एक माप पाठीवरचं. खांद्याच्या फऱ्याखाली, जिथे कातडी सैल असते, तिथे चिमटीत घडी धरायची आणि कॅलिपरनं तिची जाडी बघायची. कातडीखाली चरबी किती आहे ते त्यावरून कळतं.

हे माप वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. बाळाला न्हाऊ घालताना ती पायांवर पालथं टाकायची, तेल चोळता चोळता नेमकी त्याच जागी पाठीची कातडी चिमटीत धरायची आणि म्हणायची, "बारीक दिसतंय, पण अंगानं भरलंय हो." हळद, बेसन आणि गरम तेल यांच्या वासात मिसळलेलं ते वाक्य मी कितीतरी बाळांच्या बाबतीत ऐकलं आहे. त्यात दिलासा असायचा. बाळंतिणीचा चेहरा ते ऐकून जरा सैलावायचा.

पुण्याच्या बाळांचं सरासरी वजन निघालं सुमारे २.७ किलो. साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपल्याकडच्या आया सरासरी २१ वर्षांच्या, १५२ सेंटिमीटर उंच, आणि दिवस जाण्याआधी त्यांचं वजन ४२ किलोच्या आसपास. इथपर्यंत आश्चर्य नाही. आश्चर्य पुढे आहे. आपली बाळं सगळ्याच मापांत सारखी कमी नव्हती. पोटाचा घेर फार कमी, म्हणजे आतली यकृतासारखी इंद्रियं लहान. दंड बारीक, म्हणजे स्नायू कमी. पण पाठीवरची ती घडी? तिच्यात फरक सगळ्यात थोडा. बाळानं सगळीकडे काटकसर केली होती आणि चरबी मात्र राखून ठेवली होती. २००३ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हापासून 'थिन-फॅट इंडियन बेबी', म्हणजे बारीक तरी चरबीचं भारतीय बाळ, हे नाव जगभर झालं. आजीच्या चिमटीला जे लागत होतं ते खरंच तिथे होतं. त्याचा अर्थ मात्र दिलाशाचा नव्हता.

याज्ञिकांना हा प्रश्न पडला होता तो बाळांवरून नव्हे. पुण्यात मधुमेहाचे रुग्ण तपासताना त्यांच्यासमोर जी माणसं यायची ती पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात बसत नव्हती. पुस्तकातला मधुमेही उतारवयाचा आणि लठ्ठ. इथला चाळिशीतला आणि सडपातळ. मग त्याच्या अंगात चरबी कुठे दडली आहे? २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला, त्यात शेजारी शेजारी उभे दोन डॉक्टर: लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याचे याज्ञिक. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तो फोटो मी खूप वेळ बघत बसले होते. आमच्या घरातले सगळे काका मला त्या दुसऱ्या जागी उभे दिसले. पातळ धोतर, काटक दंड, पोटाचा जरासा नगारा, आणि पन्नाशीच्या आत पायाच्या बोटाला न भरणारी जखम.

आता इंग्लंडकडे एक वळण घ्यायला हवं, कारण या गोष्टीचा एक धागा तिथे आहे आणि तोही बायकांच्याच हातचा आहे. हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखाली सुईणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन जाड वह्यांत लिहीत होत्या. बाळाला काय पाजलं जातं हेही. कशासाठी? बाळं जगावीत म्हणून, इतकंच. त्या वह्या पुढे कित्येक दशकांनी साउदॅम्प्टनच्याच डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती आल्या. त्यांनी त्या बाळांची पुढची आयुष्यं शोधून काढली. १९८९ साली त्यांनी दाखवलं की वर्षाचं असताना ज्यांचं वजन सगळ्यात कमी होतं ते पुरुष हृदयविकारानं जास्त मेले. पोटात असताना आणि पहिल्या वर्षात जे मिळालं नाही त्याचा हिशेब शरीर साठाव्या वर्षी मागतं. ही कल्पना घेऊन बार्कर आणि फॉल पुण्यापर्यंत पोचले, आणि पुण्यात त्यांना असा डॉक्टर भेटला ज्याच्याकडे सडपातळ मधुमेह्यांचं कोडं आधीच होतं.

तर, खाल्लं नाहीस का?

सहा गावांतल्या गरोदर बायका काय खातात हे आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात नोंदवलं. दिवसाला साधारण १७०० ते १८०० कॅलरी, पंचेचाळीसेक ग्रॅम प्रथिनं. कमीच. पण कुणी थोडं जास्त खाल्लं, कुणी थोडं कमी, त्यावर बाळाचा आकार फारसा ठरत नव्हता. भाकरी एक जास्त की एक कमी, याच्याशी बाळाच्या वजनाचा मेळ बसला नाही. मेळ बसला तो वेगळ्याच गोष्टींशी: दूध, हिरवी पालेभाजी आणि फळं. ज्या बायकांच्या खाण्यात या वारंवार होत्या, त्यांची बाळं जरा मोठी होती. आणि जी आई मुळात बारीक, तिच्या बाळाला याचा गुण जास्त दिसला.

हे वाचून मी थांबले. कारण मला आमचं अंगण दिसलं. पहाटे धार काढायची आई. चरवीत फेस वर आलेला असायचा, त्या उबदार दुधाचा वास गोठ्याच्या वासात मिसळलेला. आणि ते दूध उजाडायच्या आत किटलीत भरून डेअरीवर गेलेलं असायचं, कारण घरात रोख पैसा आणणारी तीच एक वाट. घरी उरायचं ते चहापुरतं, आणि त्यातलं कपभर आजोबांना. शिकणाऱ्या मुलाला कधीमधी. धार काढणाऱ्या बाईच्या पोटात दूध जायचं ते चहाच्या रंगापुरतं. पालेभाजी बांधावर असायची, पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, शेवटाला अंबाडी. पण ती निवडायला वेळ लागतो आणि पातेल्यात ती इतकीशी होते. शेवटी जेवणारीच्या वाट्याला कोरड्यासाचा रस्सा आणि पातेल्याची कड. फळ आणायचं ते आजारी माणसासाठी. अमुक बाईनं अमुक खाल्लं नाही हे वाक्य त्यामुळे मला अर्धवटच वाटतं. घरात कुणाच्या पुढे काय वाढलं जातं हे ती एकटी कधी ठरवत होती?

याच अभ्यासात कष्टांचीही मोजदाद झाली. झोप किती, शेतातलं काम किती, पाणी किती आणलं, धुणं किती. ज्या बायका गरोदरपणात जास्त राबल्या त्यांची बाळं लहान निघाली. शेतकऱ्याच्या घरात हे काम हंगामाप्रमाणे चढतं-उतरतं. सुगीत हाताला उसंत नसते, आणि दिवस कुणाला केव्हा गेलेत याची पिकाला पर्वा नसते. विहिरीवरून डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चढण चढणारी सातव्या महिन्यातली बाई आमच्याकडे कुणाच्या नजरेलाही खुपायची नाही. उलट "चालतं-फिरतं राहिलं की बाळंतपण सोपं जातं" असं म्हणणाऱ्याच जास्त. नळ आला तेव्हा गावात पेढे वाटले गेले होते. त्या नळाची नोंद कुठल्या बाळाच्या वजनात झाली असेल, हा विचार तेव्हा कुणाच्याच मनात नव्हता.

आणि मग सगळ्यात खोल थर. बाळाचा आकार आईच्या आकाराशी बांधलेला होता, तिच्या उंचीशी, अगदी तिच्या डोक्याच्या घेराशी. डोक्याचा घेर गरोदरपणात वाढत नाही. तो बाईच्या स्वतःच्या बाळपणी ठरलेला असतो. म्हणजे तिच्या पोटातल्या बाळाला काय मिळणार हे काही अंशी तेव्हाच ठरलं, जेव्हा ती स्वतः पाळण्यात होती, किंवा तिच्या आईच्या पोटात होती. १९९३ ते ९६ च्या दरम्यान ज्या बायकांचं वय एकविसाच्या आसपास, त्या जन्मल्या कधी? बहात्तर-पंच्याहत्तरच्या दरम्यान. अभ्यासात असं कुठे म्हटलेलं नाही, ही जोडणी माझी आहे. पण आमच्या भागात बहात्तर हे दुष्काळाचं साल उच्चारलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

माझी बहीण तेव्हा आईच्या पोटात होती. मी पाच-सहा वर्षांची असेन. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, मला झाडाखाली बसवून. हातोडीचा आवाज, उडणारी कच, आणि दुपारी वाटली जाणारी सुकडी. त्या सुकडीचा गोड, खमंग वास मला अजून आठवतो, कारण दिवसभरात तो एकच वास चांगला असायचा. रेशनवर मिलो मिळायचा, तांबडी परदेशी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडायची. आई तिच्या वाटणीची सुकडी बहुतेक वेळा मला द्यायची. मला भूक लागायची आणि मी ती खायचे. बहीण जन्माला आली तेव्हा तिला कुणी तोललं नाही, सुपात घातलं तेव्हा आजी म्हणाली म्हणे, "किती हलकी गं."

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंगात तिची स्त्रीबीजं तयार होतात. म्हणजे ज्या बीजापासून माझी भाची झाली ते त्या पाझर तलावाच्या कामावर, दुष्काळाच्या उन्हात घडलं. त्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर माझ्या बहिणीनं मान खाली घातली तेव्हा हे काही तिच्या मनात नसणार. पण प्रश्न तिच्यापर्यंत पोचतो हे तिला कळलं होतं. आणि तो तिच्याही पलीकडे, माझ्या आईपर्यंत जातो. आईनं खाल्लं नव्हतं. का, तर पाऊस पडला नव्हता, ज्वारी नव्हती, आणि जे होतं ते तिनं मला दिलं होतं.

इथे एक गोष्ट जपून सांगायला हवी. एका बाळाबद्दल असं कुणीच म्हणू शकत नाही की याचं वजन कमी आलं ते अमुकमुळे. असे अभ्यास शेकड्यांबद्दल बोलतात. आठशे गरोदरपणांत कोणता कल दिसतो ते सांगतात. आपल्या घरात मात्र एकच बाळ असतं आणि आपल्याला एकच कारण हवं असतं, एकच दोषी. शेकड्यांचं बोलणं घरात आणलं की ते चटकन बोट दाखवणं होऊन बसतं. याची मला खरोखर भीती वाटते. 'सगळं आईच्या पोटात ठरतं' असं मथळ्यात आलं की ते वाचणारा नवरा बायकोच्या ताटाकडे बघणार, तिच्या हातातल्या हंड्याकडे नाही. हा अभ्यास नीट वाचला तर तो आईच्या बाजूनं उभा असलेला साक्षीदार आहे. अर्धवट वाचला तर तोच तिच्यावरचा आरोप.

ती मुलं मोठी झाली. मापं चालूच राहिली, सहाव्या वर्षी, बाराव्या, अठराव्या. सहाव्या वर्षी एक न कल्पिलेली गोष्ट हाती आली. गरोदरपणात साधारण दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. दूध चहापुरतं आणि मटण सणावाराला, तिथे ते येणार कुठून? फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व मात्र बहुतेकींचं ठीक होतं, आणि फॉलिक अॅसिडच्या सरकारी गोळ्यांमुळे आणखी वाढलेलं. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्शुलिनला विरोध जास्त दिसला, मधुमेहाकडे नेणारी ती वाट. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणून गोळ्या थांबवा असं कुणी म्हणत नाही, फॉलिक अॅसिडनं बाळाच्या मणक्याचे दोष टळतात, ते हवंच. पण दोन बैलांच्या गाडीला एकच बैल जुंपला तर गाडी एका अंगाला ओढली जाते, तसं काहीसं त्या पोटात होत असावं.

अठराव्या वर्षी साखर तपासली तेव्हा मुलग्यांपैकी ३७ टक्क्यांची आणि मुलींपैकी १८ टक्क्यांची साखर हवी तिथे नव्हती. मधुमेह नव्हे, त्याची आधीची पायरी, बहुतेकांची उपाशीपोटीची साखर चढलेली. ही लठ्ठ मुलं नव्हती. आमच्या भागातली अठरा वर्षांची पोरं कशी असतात ते मला माहीत आहे. शिडशिडीत, मोटारसायकलवर तिघं तिघं, रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारी, लग्नाच्या वरातीत दोन-दोन तास नाचणारी. त्यांच्यातल्या तिघांमागे एकाला ही चिठ्ठी हातात मिळाली. त्या वयात ती चिठ्ठी खिशात घालून पोरगा काय करतो? घरी दाखवतो का? मुलगी तर लग्नाच्या वयाची. तिची चिठ्ठी स्थळ बघायला आलेल्यांना कळली तर? मला या ठिकाणी मन घट्ट करावं लागतं. कळलेलं बरं, हे मी मानते. पण कळण्याचं ओझं त्यांनी मागून घेतलेलं नव्हतं. त्यांच्या आयांनी होकार दिला तेव्हा ती पोटातही नव्हती.

आणि तरीही ती येत राहिली. इतक्या वर्षांनंतरही या अभ्यासातली बहुसंख्य मुलं तपासणीला येतात, ही जगात विरळ गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये १९४६ च्या मार्चमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या बाळांपैकी ५,३६२ जणांचा माग जेम्स डग्लस यांनी घ्यायला सुरुवात केली. ती माणसं म्हातारी होईपर्यंत तो चालू राहिला आणि दर वाढदिवसाला त्यांना शुभेच्छापत्र जायचं. ब्रिस्टलच्या जीन गोल्डिंग यांच्या अभ्यासात १९९१-९२ च्या चौदा हजारांहून जास्त गरोदरपणांची नोंद झाली. तिथल्या मुलांनी पडलेले दुधाचे दातसुद्धा पाठवले. आपल्याकडे शुभेच्छापत्रापेक्षा माणूस दारात आलेला बरा. लग्नाला बोलावणं, बारशाला बोलावणं, घरात कुणी दवाखान्यात असलं की केईएममध्ये ओळख. अशा येण्याजाण्यावर हे टिकलं असणार. मधल्या काळात गावं ओळखू येईनाशी झाली. शेतांत गोदामं उठली, विहिरी बुजल्या, मुली चाकणला आणि पुण्याला गेल्या. त्या मुलींना शोधत सर्वेवाल्या भाड्याच्या खोल्यांपर्यंत गेल्या असतील.

मला या सगळ्यात सर्वांत आदर वाटतो तो त्या आयांबद्दल. १९९३ साली एखाद्या सुनेनं दंड पुढे केला, रक्त दिलं, पाळीची तारीख सांगितली. तिला त्यातून काय मिळणार होतं? तिच्या बाळाचं वजन त्यानं वाढणार नव्हतं. जे कळणार होतं ते वीस-पंचवीस वर्षांनी, दुसऱ्याच कुणाच्या मुलीच्या उपयोगाला. तिचं नाव कुठेच येणार नाही, येऊही नये. कुणी तिला याबद्दल काही म्हणालं असेल का? माझ्या सोयरिकीत अशी एखादी असेलही, मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. पण त्या गावांवरून एसटी गेली की माझी नजर साठीकडे झुकलेल्या बायांवर थबकते.

आता तिसरी पिढी जन्मली आहे. २०१२ मध्ये याच मुलामुलींना, ती सतरा-अठराची असताना, लग्नाच्याही आधी, बी-१२ च्या गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू झाला. काहींना नुसतं बी-१२, काहींना त्याबरोबर इतर सूक्ष्म पोषकं आणि दुधाची भुकटी, काहींना नुसतीच दिसायला तशी गोळी. कुणाला काय मिळतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. बी-१२ ची मात्रा अगदी थोडी, दिवसाला दोन मायक्रोग्रॅम. गरोदरपणात धावपळ करण्याऐवजी मुलगी अजून मुलगीच असताना सुरुवात करायची, ही त्यामागची समज, आणि ती सहा गावांतल्या आयांच्या मापांतूनच आलेली. त्या मुलींची बाळं दोन ते साडेतीन वर्षांची असताना नुसतं बी-१२ घेतलेल्या गटातली बाळं आकलनात आणि भाषेत पुढे दिसली. हे वाचताना मला त्या घरांत बोबडं बोलणारी दोन-तीन वर्षांची पोरं ऐकू आली आणि फार बरं वाटलं.

भाचीच्या सासूबाई परवा घरी आल्या होत्या. बोलता बोलता मी त्यांना त्यांच्या पहिल्या बाळंतपणाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, तेव्हा आमच्याकडे दोन म्हशी होत्या, पण मला दूध बाळंतपणानंतर मिळालं. आधी कशाला देतील?" मग जरा थांबून म्हणाल्या, "हिला मी द्यायला हवं होतं का हो आधीपासून?" मी त्यांना बहात्तर सालची माझ्या आईची गोष्ट सांगितली, खडीची आणि सुकडीची. त्यांचं माहेर सांगोल्याकडचं. मग मिलोच्या भाकरीबद्दल आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो. ती कशी थापायची, तिच्यात काय मिसळलं की ती जरा मऊ व्हायची.

शाळांतल्या मुलींना आठवड्याला लोहाची आणि फॉलिक अॅसिडची निळी गोळी मिळते. तिच्यात बी-१२ असायला हवं असं माझं ठाम मत झालं आहे. मध्यान्ह भोजनाबरोबर रोज कपभर दूधही असायला हवं, आणि ते मुलींनी तिथेच प्यावं, घरी आणू नये. दोन्ही गोष्टी महाग नाहीत. त्या तिसऱ्या पिढीच्या मुलांची साखर अठराव्या वर्षी तपासायची म्हटलं तर २०३५ च्या आसपासची सालं उजाडतील. संशोधनाला पैसे मिळतात ते तीन वर्षांचे, पाच वर्षांचे. मुदत संपली की पुन्हा अर्ज. मूल मात्र अठराचं व्हायला अठरा वर्षंच घेतं. तोवर त्या सहा गावांत सर्वेला जाणाऱ्या मुलींचा पगार चालू राहिला पाहिजे.